गोटा कोणाचा?

मी एक जुना गोटा आहे. काळा, गुळगुळीत, मोठ्या माणसाच्या मुठीत जेमतेम मावेल एवढा. दगड म्हणालात तरी मला राग नाही. अडाण्याला तुम्ही दगड म्हणता, निर्दयाला दगड म्हणता, परीक्षेत नापास झालेल्या पोरालाही दगडच म्हणता. ऐकून ऐकून मी निर्ढावलो आहे. पण मित्रांनो, आज जे सांगणार आहे ते मी कोणालाच सांगितलेले नाही. सांगून काही उपयोग होईल अशी आशाही मला फारशी उरलेली नाही.

माझा जन्म कुठल्या डोंगरात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती जाम नदी. तिने मला वर्षानुवर्षे लोळवले, माझे सगळे कोपरे झिजवले आणि एका उन्हाळ्यात पांढुर्ण्याच्या काठाशी कोरड्या वाळूत आणून टाकले. तिथे कलाबाईची नजर माझ्यावर पडली. ती तेव्हा नवी नवरी होती. तिच्या सासरचा वरवंटा दुभंगला होता आणि नवा घ्यायचे सासूच्या मनात नव्हते. तिने मला उचलले, हातात फिरवून पाहिले आणि पदरात बांधून घरी नेले.

ते माझे सुखाचे दिवस. सकाळ-संध्याकाळ पाट्यावर मी तिखट वाटले, जवसाची चटणी वाटली, लसूण ठेचला. हळकुंडे कुटताना माझ्या अंगावरच्या एका बारीक चिरेत हळद जाऊन बसली, ती पुन्हा कधी निघाली नाही. कापूस वेचायला बाया जमल्या की कलाबाईच्या ठेच्याभोवती गर्दी व्हायची आणि कोणीतरी हमखास विचारायचे, "काय घालतं वं याच्यात?" कलाबाई माझ्याकडे बोट दाखवायची. दगडाला आणखी काय हवे असते?

पुढे दिवस पालटले. कलाबाईचा नवरा नत्थूजी याने जामसांवलीच्या जत्रेतून टाकी लावलेला नवा कोरा पाटा-वरवंटा आणला आणि मी मोरीजवळ जाऊन पडलो. गरज सरो वैद्य मरो, म्हणतात ना, तसे. मी कुरकुर केली नाही. भांडी घासताना कलाबाईची मुलगी वच्छला माझ्यावर पाय टेकवून बसायची आणि शाळेतल्या गोष्टी आईला सांगायची. त्यामुळे मालतीबाई मला न पाहताच ओळखीच्या झाल्या.

मालतीबाई सातवीला शिकवायच्या. त्या सौंसरहून रोज बसने येत. त्यांनी कधी छडी हातात घेतली नाही आणि पोरांना उपदेशही केला नाही. त्या फक्त प्रश्न विचारत. वर्गातला पाण्याचा माठ फुटला तेव्हा त्यांनी विचारले, कसा फुटला? पोरे म्हणाली, माठच कच्चा होता बाई. मग विचारले, कच्चा माठ दाराच्या वाटेत कोणी ठेवला? ठेवलेला कोणी पाहिला? पाहून कोण ओलांडून गेले? शेवटी अर्धा वर्ग माना खाली घालून उभा राहिला, आणि नवा माठ आणायला सगळ्यांनी पैसे काढले.

वच्छलाला याचे फार वेड लागले. घरी भाजी करपली की ती आईला विचारायची, "कशी करपली? तुझं ध्यान कुठं होतं?" त्यावर कलाबाईचा धपाटा ठरलेला. "बाईनं पोट्टीला वकील करून टाकलं," असे ती म्हणायची, पण शेजारणीला सांगताना तिच्या आवाजात कौतुकच असायचे.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी सांगायला हवे. त्या दिवशी आमच्याकडे देवीच्या नावाने गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा म्हणतात. अलीकडच्या काठावर पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. झेंडा कोण नेतो यासाठी दोन्ही काठांवरची माणसे दिवसभर एकमेकांवर गोटे फेकतात. हे केव्हापासून चालले आहे ते सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी असेल. नदीतले गोटे पुरत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच घरोघरची पोरे घमेल्यांतून गोटे वाहतात आणि काठावर ढीग रचतात. ज्या घरातून गोटे गेले नाहीत त्या घराला लोक नावे ठेवतात.

त्र्याऐंशी सालच्या पोळ्याला वच्छलाने तीन-चार घमेली वाहिली होती. तरी गल्लीतले पुंडलिकराव दारात येऊन उभे राहिले. गल्लीचा ढीग रचून घेण्याचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडे असे. म्हणाले, "कलाबाई, औंदा तुमच्या घरचे गोटे कमीच दिसून राहिले."

कलाबाईने इकडेतिकडे पाहिले आणि मला पायाने पुढे ढकलले. "वच्छे, हा नेऊन टाक. रिकामाच पडून हाय."

"आई, हा तुझा वाटायचा गोटा होय ना?"

"आता काय वाटून राहिली मी त्याच्यानं? ने लवकर, पुरणाचं पाहू दे मले."

दिवसभर प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरीने त्या संध्याकाळी एवढाच प्रश्न विचारला. मग तिने मला घमेल्यात टाकले, घमेले डोक्यावर घेतले आणि काठावरच्या ढिगावर मला ओतून दिले.

मला कोणी फेकले? खरेच सांगता येत नाही. हात दणकट होता आणि तळव्याला तंबाखूचा वास होता. तसे हात त्या दिवशी काठावर शेकडो होते. एवढे आठवते की मी झेंड्याच्या वरून गेलो, नदी ओलांडली आणि सावरगावच्या एका ओट्यावर उभ्या असलेल्या पोराच्या डाव्या डोळ्यावर आदळलो. मला थांबता आले नाही. थांबणे, वळणे, खाली पडणे यातले काहीच माझ्या हाती नसते, कारण मला हातच नाहीत.

त्या पोराचे नाव मुकुंद. पूल ओलांडून तो रोज पांढुर्ण्याच्या शाळेत यायचा, वच्छलाच्याच वर्गात होता. त्याची आई जयवंता लोकांचे ब्लाउज शिवायची. तिला जवळचे नीट दिसत नसे, म्हणून शाळेत जाण्यापूर्वी मुकुंद तिला सुया ओवून द्यायचा आणि एका चिंधीला ओळीने टोचून ठेवायचा. तिच्या दिवसभराच्या कामाची ती तयारी असायची.

ओट्यावर आरडाओरडा झाला. जयवंता त्याला उचलून दवाखान्याकडे धावत होती. तिच्या भावाने, भिवाजीने, तिला अडवले. "दवाखान्यात काहून नेतं? देवीची विभूती लाव. गोटमारीची जखम तिच्यानंच भरते. बापजाद्यापासून हेच चालत आलं." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. विभूती लावली, फडके बांधले. पोर कण्हत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला तेव्हा नागपूरला नेले. डॉक्टर म्हणाले, कालच आणायला हवे होते. डोळा गेला.

मी त्यांच्याच अंगणात पडलो होतो. जयवंताने मला उचलून कोनाड्यात ठेवले होते, का ते तिलाही सांगता आले नसते. एक दिवस शाळा सुटल्यावर मालतीबाई पूल ओलांडून त्यांच्या घरी आल्या. त्या बोलत बसल्या असताना मुकुंदाने सुई घेतली आणि दोरा ओवायला लागला. दोरा सुईच्या बाजूने जायचा. त्याने दोरा ओला केला, पीळ दिला, पुन्हा नेला. पुन्हा बाजूनेच गेला. जयवंता म्हणाली, "राहू दे बापू, मी घालते," आणि तिने सुई हातात घेतली. तिला तर सुईचे छिद्रच दिसत नव्हते. दोघे मायलेक ती सुई एकमेकांच्या हातात देत बसली. शेवटी मालतीबाईंनी ती घेऊन ओवली, आणि पदर तोंडाला लावला.

निघताना त्यांनी मला मागून घेतले. जयवंता म्हणाली, "न्या बाई. घरात नकोच मले तो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सातवीच्या टेबलावर ठेवले. मुकुंदाची जागा रिकामी होती.

"हा गोटा मुकुंदाला लागला," त्या म्हणाल्या. "कोणी मारला?"

अनिल नावाचा एक चुणचुणीत मुलगा उठला. "बाई, गोटमारीत कोणी कोणाले मारत नाई. ज्याच्या नशिबात असते त्याले लागते."

"बरं. मग काठावर ढीग कोणी रचले? नशिबानं घमेली वाहिली का, अनिल?"

मालतीबाईंचा आवाज खाली आला. "मी माझ्यापासून सुरुवात करते. पोळ्याची सुट्टी मीच तुम्हाला सांगितली. तुम्ही घमेली घेऊन कुठे जाणार ते मला माहीत होतं. मी तुम्हाला काही विचारलं का? नाही विचारलं. माठासाठी विचारलं, पण यासाठी नाही. मी घाबरले. लोक म्हणतील, सौंसरची बाई आमच्या देवीच्या कामात तोंड घालते. मुकुंदाचा डोळा जाण्यात माझाही वाटा आहे. आता तुम्ही सांगा."

त्यांनी मला पहिल्या रांगेतल्या पोराच्या हातात दिले. तिथून मी हातोहात फिरू लागलो. विस्तव हातात आल्यासारखे प्रत्येकाने मला पुढे सरकवले. कोणी माझ्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. मग मी वच्छलाच्या हातात आलो, आणि तिने पाहिले. चिरेतली हळद तिला दिसली.

मित्रांनो, त्या वेळी मी तिच्या तळव्यावर होतो. मला ओळखणारी त्या वर्गात ती एकटीच होती. तिने मला मुकाट्याने पुढे दिले असते, तर कोणालाही कधी कळले नसते. दगड बोलत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने दोन वेळा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. मग ती उभी राहिली.

"बाई, हा म्या नेला. आमच्या घरचा होय. माझ्या आईचा वाटायचा गोटा."

मालतीबाईंचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला अजून दिसतो आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. त्यांना वाटले, आता एकामागून एक मुले उभी राहतील, माठाच्या वेळी राहिली होती तशी. त्या म्हणाल्या, "वच्छला बोलली. आता आणखी कोण?"

कोणीच नाही. उलट सगळा वर्ग सैल झाला. पोरांनी सुटकेचा श्वास टाकला, पाय पसरले, एकमेकांकडे पाहिले. अनिल म्हणाला, "सापडलं बाई. वच्छलानं नेला."

"तू नाही नेलेस?"

"नेले ना. पण हा नाई नेला."

"आम्ही बी हा नाई नेला बाई," मागून आवाज आले. "हा वच्छलाचा होय."

मालतीबाई पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. तुमचा गोटा कुठे पडला ते तुम्ही पाहिले का? तो कोणाला लागला नाही हे कशावरून? पण आता उत्तर सापडले होते आणि पोरांना दुसरे नको होते. वच्छला तशीच उभी राहिली. तिला कोणी बस म्हटले नाही, बाईंच्याही ते लक्षात आले नाही.

संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवर तेच झाले. गोटा फेकणारा तंबाखूचा हात सुटला. भिवाजी सुटला, पुंडलिकराव सुटले, आणि अख्खे गाव मोकळे झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मुकुंदाचा डोळा कोणी फोडला, या प्रश्नाला गावाजवळ आता एका पोरीचे नाव होते. कलाबाईने तिला मारले. "तोंड काहून उघडलं? तुले कोणी विचारलं होतं?" वच्छला म्हणाली, "बाईनं विचारलं होतं." हे मला पोरांच्या बोलण्यातून कळले. ती जयवंताच्या दारात जाऊन उभी राहिली आणि जयवंताने दार लावून घेतले, हेही तिथेच कळले. ज्या कलाबाईने मला पायाने पुढे ढकलले होते, ती शेजारणींना सांगत होती की पोट्टीनं न विचारता नेला.

मग पुंडलिकराव चार माणसे घेऊन हेडमास्तरांकडे आले. "बाई पोरायच्या डोक्यात देवीच्या विरोधात भरवून राहिली," असे त्यांचे म्हणणे होते. हेडमास्तरांनी कानावर हात ठेवले. दिवाळीनंतर मालतीबाईंची बदली रामाकोन्याच्या पलीकडच्या एका खेड्यात झाली.

शेवटच्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी वच्छलाला थांबवले. मी टेबलावरच होतो. "माझं चुकलं का गं?" त्यांनी विचारले.

"मले विचारून राहिल्या बाई?"

"तुलाच. दुसरं कोण उत्तर देतं इथं?"

वच्छला म्हणाली, "मले बस तं म्हणाचं होतं बाई त्या दिवशी."

मालतीबाईंना असे सुनावणारे त्यांच्या उभ्या नोकरीत कोणी भेटले नसेल. त्यांनी पिशवी उचलली आणि त्या बस पकडायला गेल्या.

वच्छला पुढे शाळेत आली नाही. आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. नवे गुरुजी आले. ते छडी वापरत आणि पुस्तकात ज्यांची उत्तरे आहेत तेच प्रश्न विचारत. पोरे त्यांच्यावर खूश होती. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्यांनी मला दाराशी टाकले, आणि वर्षभर मी तिथे पडून राहिलो. येता-जाता पाय लागत. मुकुंद शाळेत परत आला तेव्हा तोही माझ्यावरून ओलांडून जाई. तो मला ओळखत नाही, असे मला वाटत असे.

आज पुन्हा पोळा आहे. दुपारी शाळेच्या आवारात पोरे गोटे वेचायला आली. मुकुंद सरळ दाराशी आला, इतर गोट्यांकडे त्याने पाहिलेही नाही, आणि मला उचलून खिशात घातले. पुलावर वच्छला समोरून येत होती.

"मुकुंदा, कुठं नेऊन राहिला?"

"आमच्या ढिगावर. औंदा मी मारणार हाय."

"कोणाले?"

"ज्याले लागन त्याले."

वच्छला त्याच्या वाटेत उभी राहिली. "अन् मले लागला तं?"

मुकुंदाने मला खिशातून काढून तिच्यापुढे धरले. "लागू दे. तुझाच तं होय." आणि तो निघून गेला. फेकायला त्याला मीच हवा होतो, इतकेच काय ते त्याला माझ्याकडून शिकता आले होते.

सूर्य मावळायला आला तेव्हा वच्छला रिकामे घमेले घेऊन सावरगावच्या ढिगाशी आली. तिने गोटे बाजूला काढायला सुरुवात केली. ढिगावर बसलेला भिवाजी हसला. "काय वं पोरी, गोटे आणून टाकाचे असतात, नेऊन नाई."

"माझा एक हाय याच्यात. तेवढा घेऊन जाते."

"तुझा? नाव लिहिलं हाय काय त्याच्यावर?" सगळी माणसे हसली. "शोध मग!"

ती शोधत राहिली. पोरे येत होती आणि तिच्या हातांवरच नवी घमेली रिकामी करत होती. एकदा तिची बोटे माझ्या अगदी जवळ आली, मधे एकच गोटा होता. तेवढ्यात वरून पुन्हा गोटे पडले आणि तिने बोट तोंडात घातले. मी हाक मारू शकलो नाही. शेवटी अंधारून आले तेव्हा तिने हाताला लागतील ते गोटे घमेल्यात भरले, डोक्यावर घेतले आणि पुलावर जाऊन ते एकेक करून नदीत सोडून दिले. पाण्यात ते पडल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी त्यांच्यात नव्हतो.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही मागायचे नाही. तुमच्या दारावरून कोणी घमेले घेऊन जाताना दिसले, तर त्याला हाक मारून विचारा, हे कुठे चालले? तो चिडेल, तुम्हाला मूर्ख म्हणेल, तरी विचारा. स्वतःलाही विचारा. आणि कोणी एकटे उभे राहून 'हा माझा' म्हणाले, तर त्याच्याकडे बोट दाखवू नका. त्याच्या शेजारी जाऊन तुम्हीही उभे राहा. त्या दिवशी वर्गात दुसरे एक मूल उठले असते, तरी वच्छला आज शाळेत असती आणि मी या ढिगात नसतो. पण कोणी उठले नाही. उद्याच्या गोटमारीसाठी माणसे आता पळसाचे झाड खांद्यावर घेऊन नदीकडे निघाली आहेत.